जन्मसिद्ध हक्क की शोध? : ज्यू तरुणांच्या वारसायात्रांचा ऐतिहासिक विचार

यात्रा आणि सहल हे दोन शब्द मराठीत एकमेकांपासून पुरते वेगळे आहेत. यात्रेस निघणारा मनुष्य कोण आहे, हे तो घराचा उंबरा ओलांडण्यापूर्वीच ठरलेले असते. पंढरीची वाट चालणारा वारकरी गळ्यात माळ घालूनच निघतो. वाटेने त्याची निष्ठा दृढ होते, परंतु ती वाटेवर जन्मास येत नाही. सहलीस जाणारा मात्र जसा जातो तसाच परत येतो, आणि यात कोणास काही वावगे वाटत नाही. विसाव्या शतकात या दोहोंमधून एक तिसरा प्रकार निर्माण झाला. एखाद्या समाजाच्या तरुणांस पूर्वजांच्या म्हणून मानलेल्या भूमीत अल्प काळासाठी न्यावयाचे, तेथील स्थळे व माणसे त्यांस दाखवावयाची, आणि ज्या वारशाची त्यांस अंधुक जाणीव आहे किंवा मुळीच नाही, त्याचे वारस म्हणून त्यांस परत पाठवावयाचे, असे या प्रकाराचे स्वरूप आहे. त्यास वारसायात्रा असे म्हणता येईल.

वारसायात्रा आज अनेक समाजांत रूढ आहेत. आर्मेनियन वंशाच्या तरुणांसाठी २००३ साली अशा स्वरूपाची संस्था स्थापन झाली. भारत सरकारनेही परदेशस्थ भारतीय वंशाच्या तरुणांसाठी ‘नो इंडिया’ नावाची योजना त्याच सुमारास सुरू केली. तथापि या प्रकाराचा सर्वांत विस्तृत, सर्वांत खर्चिक आणि सर्वांत बारकाईने अभ्यासला गेलेला प्रयोग ज्यू समाजात झाला. या प्रयोगाचा इतिहास पाहिला असता एक गोष्ट स्पष्ट होते. यात्रेचा मार्ग भूमीच्या भूगोलावरून जितका आखला गेला, तितकाच तो आखणाऱ्या पिढीच्या भयावरूनही आखला गेला. कोणत्या काळी तरुणांस कोठे नेले, हे पाहिले म्हणजे त्या काळी वडीलधाऱ्यांस काय गमावण्याची भीती वाटत होती, हे कळून येते.

१. प्राचीन यात्रा आणि आधुनिक पदभ्रमण

ज्यू धर्मशास्त्रात पेसाह, शावुओत आणि सुक्कोत हे तीन सण यात्रेचे सण म्हणून सांगितले आहेत. जेरुसलेमचे मंदिर उभे होते तोवर या सणांच्या वेळी तेथे जाणे हे धार्मिक कर्तव्य होते. इ. स. ७० मध्ये रोमन सैन्याने दुसरे मंदिर उद्ध्वस्त केले आणि या कर्तव्याचे स्थानच नाहीसे झाले. यानंतर जेरुसलेमची यात्रा मुख्यतः प्रार्थनेत उरली. व्यक्तिशः प्रवास करणारे होतेच. स्पेनमधील कवी येहूदा हालेवी ११४० साली स्वदेश सोडून पूर्वेकडे निघाला. त्याच शतकात तुदेलाच्या बेंजामिनने आपल्या दीर्घ प्रवासात ठिकठिकाणच्या ज्यू वस्त्यांची माहिती नोंदविली. परंतु या प्रवाशांपैकी कोणीही आपण ज्यू आहोत किंवा नाही हे शोधण्यासाठी गेला नव्हता. तो प्रश्न त्यांच्यापुढे नव्हताच.

एकोणिसाव्या शतकात पश्चिम व मध्य युरोपातील ज्यूंस नागरिकत्वाचे हक्क मिळू लागले. वेगळ्या वस्तीच्या भिंती पडल्या आणि त्यांबरोबर भिंतींच्या आत आपोआप चालत आलेले संस्कारही क्षीण होऊ लागले. ज्यू असणे ही जन्माने ठरणारी स्थिती राहिली, परंतु ती कशी जगावयाची हे ज्याने त्याने ठरवावयाचे झाले. या नव्या परिस्थितीत तरुणांच्या संघटना उदयास आल्या. जर्मनीतील रानावनांत पायी हिंडणाऱ्या तरुणांच्या चळवळीचा आदर्श पुढे ठेवून १९१२ साली ‘ब्लाउ-वाइस’ ही ज्यू तरुणांची संघटना स्थापन झाली. निसर्ग, सांघिक जीवन, शेकोटीभोवतीची गाणी आणि शारीरिक कष्ट यांतून मनुष्य घडतो, ही तिची श्रद्धा होती. हीच श्रद्धा पॅलेस्टाइनमध्ये स्थायिक झालेल्या झायनवादी तरुणांनी आपलीशी केली. ‘येदिअत हाआरेत्स’, म्हणजे भूमीचे ज्ञान, हा तेथील शाळांत व युवक-संघटनांत शिक्षणाचा महत्त्वाचा भाग झाला. हे ज्ञान पुस्तकातून मिळवावयाचे नसून पायांनी मिळवावयाचे होते. हातात बायबल घेऊन डोंगर आणि वाळवंट तुडविणे हा त्याचा मार्ग होता.

या पदभ्रमणांत मसादा या किल्ल्यास लाभलेले स्थान विशेष अभ्यसनीय आहे. मृत समुद्राच्या काठावरील या उंच पठारावर रोमनांविरुद्ध बंड करणाऱ्यांनी इ. स. ७३ किंवा ७४ मध्ये शरण जाण्याऐवजी सामुदायिक मृत्यू पत्करला, अशी हकीकत योसेफस या इतिहासकाराने लिहून ठेविली आहे. प्राचीन रब्बींच्या वाङ्मयात मात्र या घटनेचा उल्लेख आढळत नाही. सुमारे अठरा शतके ज्यू परंपरेने जवळजवळ विस्मरणात टाकलेले हे स्थळ विसाव्या शतकाच्या दुसऱ्या चतुर्थांशात तरुणांच्या यात्रेचे केंद्र बनले. १९४२ साली श्मार्या गुटमन यांनी युवकनेत्यांचे एक शिबिर तेथे नेले. त्या वर्षी जर्मन सैन्य उत्तर आफ्रिकेतून पूर्वेकडे सरकत होते आणि पॅलेस्टाइनमधील ज्यू समाजास आपल्या अस्तित्वाची चिंता लागली होती. ही पार्श्वभूमी ध्यानात घेतली म्हणजे त्याच वेळी मसादा का आठवावा, याचा उलगडा होतो. पुढे १९६३ ते १९६५ या काळात यिगाएल यादिन यांनी तेथे उत्खनन केले, तेव्हा अनेक देशांतून स्वयंसेवक कामास आले. तेथे येणाऱ्या तरुणाच्या हाती खोरे देणे ही कल्पना त्या उत्खननाने लोकप्रिय केली.

२. श्रमाची यात्रा

१९४८ साली इस्रायल राष्ट्र स्थापन झाल्यानंतर परदेशी तरुणांच्या प्रवासास नवा हेतू प्राप्त झाला. नव्या राष्ट्रास माणसे हवी होती. त्यापूर्वीच, १९४६ साली, जेरुसलेममध्ये परदेशांतील युवकनेत्यांच्या प्रशिक्षणासाठी एक संस्था सुरू झाली होती. यंग जुडिया या अमेरिकन संघटनेचा वर्षभराचा अभ्यासक्रम १९५६ मध्ये सुरू झाला. या कार्यक्रमांचे स्वरूप दीर्घ मुदतीचे होते. तरुणाने येथे यावे, हिब्रू शिकावे, किब्बुत्सवर राबावे, आणि शक्य झाल्यास येथेच राहावे, अशी अपेक्षा असे. परत जाणारा तरुण हा एका अर्थी कार्यक्रमाचे अपयश मानला जाई.

१९६७ च्या जून महिन्यातील युद्धाने या प्रवाहास एकाएकी पूर आला. युद्धापूर्वीच्या काही आठवड्यांत इस्रायलच्या नाशाची भीती जगभरच्या ज्यू वस्त्यांत पसरली होती. युद्धाच्या वेळी आणि नंतर हजारो तरुण स्वयंसेवक म्हणून दाखल झाले. सैन्यात गेलेल्या माणसांच्या जागी शेतांत व बागांत त्यांनी काम केले. याच युद्धाने भूगोलही पालटला. जेरुसलेमचे जुने शहर, पश्चिम भिंत, हेब्रोन ही स्थळे इस्रायलच्या ताब्यात आली. पश्चिम भिंतीसमोरील वस्ती पाडून तेथे विस्तीर्ण पटांगण करण्यात आले, आणि पुढील सर्व वारसायात्रांचे ते अटळ स्थान झाले. यात्रेच्या मार्गावरील एक प्रमुख स्थळ अशा रीतीने युद्धाच्या परिणामाने उपलब्ध झाले. या मार्गाविषयी पुढे जो वाद उत्पन्न झाला, त्याचे मूळ येथे आहे.

३. स्मशानभूमीची यात्रा

१९८० नंतरच्या दशकात वारसायात्रेस दुसरी दिशा फुटली. आजवर ती जीवनाच्या भूमीकडे जात होती. आता ती मृत्यूच्या भूमीकडेही जाऊ लागली. दुसऱ्या महायुद्धापूर्वी पोलंडमध्ये तेहतीस लाखांच्या आसपास ज्यू राहत होते. त्यांपैकी सुमारे तीस लाख नाझींच्या संहारात मारले गेले. संहारातून वाचलेली पिढी आता वृद्ध होत होती. साक्षीदार नाहीसे झाल्यावर स्मृती कशी टिकणार, हे या काळाचे भय होते. १९८८ साली ‘जिवंतांची पदयात्रा’ या अर्थाच्या नावाने पहिला कार्यक्रम झाला. ज्यूसंहाराच्या स्मृतिदिनी ऑशविट्झच्या मुख्य छावणीपासून बिर्केनाऊपर्यंतचे सुमारे तीन किलोमीटर अंतर अनेक देशांतील ज्यू तरुण पायी चालले. १९४५ च्या जानेवारीत नाझींनी कैद्यांस ज्या मृत्युयात्रांत चालविले होते, त्यांस हे नाव म्हणजे उत्तर होते. त्याच सुमारास इस्रायली शिक्षणखात्यानेही शाळकरी मुलांची पथके पोलंडला पाठविण्यास प्रारंभ केला.

या कार्यक्रमाची रचना अर्थपूर्ण आहे. स्मृतिदिनानंतर आठवड्याने इस्रायलचा स्वातंत्र्यदिन येतो, आणि पोलंडमधील यात्रा संपवून तरुण त्या दिवसासाठी इस्रायलला जातात. राखेपासून राष्ट्रापर्यंत अशी ही कथा स्वतः चालून अनुभवावयाची असते. जॅकी फेल्डमन या मानवशास्त्रज्ञाने इस्रायली पथकांचा अभ्यास करून २००८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात या प्रवासातील विधींचे विवेचन केले आहे. पोलंडच्या भूमीवर राष्ट्रध्वज अंगावर घेऊन चालणारी मुले स्वतःस संहाराचे वारस आणि त्यावरील विजयाचे प्रतिनिधी अशा दोन्ही रूपांत पाहू लागतात, हे त्यावरून ध्यानात येते.

या रचनेवर एक आक्षेप इतिहासाच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. पोलंडमधील ज्यू जीवनाचा इतिहास जवळजवळ एक हजार वर्षांचा आहे. त्यात विद्यापीठतुल्य धर्मपीठे, छापखाने, रंगभूमी, कामगारसंघटना आणि यिद्दिश वाङ्मय यांचा समावेश होतो. छावण्यांपुरता आखलेला प्रवास या हजार वर्षांस सहा वर्षांत कोंडतो. जे लोक कसे जगले हे सांगावयास हवे, ते कसे मेले एवढेच सांगतो. वॉर्सा येथे २०१३ साली उघडलेले आणि पुढील वर्षी मुख्य दालन पूर्ण झालेले पोलिश ज्यूंच्या इतिहासाचे संग्रहालय हे काही अंशी या आक्षेपास दिलेले उत्तर होय. पोलिश सरकारशीही या यात्रांविषयी वाद झाले, आणि २०२२ साली शाळकरी पथके काही काळ थांबली. दुसऱ्याच्या देशात आपला वारसा दाखवावयाचा म्हणजे त्या देशाच्या स्वतःविषयीच्या कथेशी गाठ पडणारच.

४. एका आकड्याचे भय

१९९० नंतरच्या दशकातील भय मात्र अगदी निराळ्या प्रकारचे होते. ते शत्रूपासून उत्पन्न झालेले नव्हते, तर मित्रत्वापासून उत्पन्न झाले होते. अमेरिकेतील ज्यू समाजाची १९९० साली राष्ट्रीय पाहणी झाली. १९८५ नंतर विवाह केलेल्या ज्यूंपैकी ५२ टक्क्यांनी ज्यूंबाहेर विवाह केला, असा तिचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. मोजणीच्या व्याख्येविषयी पुढे बराच वाद झाला आणि नंतरच्या फेरतपासणीत हे प्रमाण ४३ टक्क्यांपर्यंत खाली आले. परंतु आकडा दुरुस्त झाला तरी त्याने उत्पन्न केलेली भीती दुरुस्त झाली नाही. छळामुळे न संपलेला समाज स्वीकारामुळे संपेल की काय, हा प्रश्न धर्मपीठांपासून दानसंस्थांपर्यंत सर्वत्र विचारला जाऊ लागला. ‘सातत्य’ हा त्या दशकाचा परवलीचा शब्द झाला.

या पार्श्वभूमीवर इस्रायली राजकारणी योस्सी बेइलिन यांनी १९९४ च्या सुमारास एक उलटा विचार मांडला. आजवर अमेरिकन ज्यू इस्रायलसाठी देणग्या पाठवीत आले होते. इस्रायलला आता त्या धर्मादायाची गरज उरलेली नाही, तो पैसा आपल्या तरुणांस इस्रायल दाखविण्यावर खर्च करावा, असे त्यांचे म्हणणे होते. देणगी गोळा करणाऱ्या संस्थांस ते रुचले नाही. परंतु चार्ल्स ब्रॉन्फमन आणि मायकेल स्टाइनहार्ट या दोन धनिकांनी ही कल्पना उचलून धरली. दानशूर व्यक्ती, इस्रायल सरकार आणि ज्यू समाजसंस्था या तिघांनी खर्च वाटून घ्यावा असे ठरले, आणि १९९९ च्या डिसेंबरमध्ये पहिले तरुण इस्रायलमध्ये उतरले. २००७ पासून शेल्डन एडल्सन यांच्या मोठ्या देणग्यांमुळे कार्यक्रमाचा विस्तार झाला. २०२० नंतरच्या दशकाच्या पूर्वार्धापर्यंत आठ लाखांहून अधिक तरुण या मार्गाने जाऊन आले. त्यांत अमेरिकन संयुक्त संस्थानांतील तरुणांचा वाटा सर्वांत मोठा होता.

या संस्थेस दोन नावे आहेत, आणि त्या दोन नावांत तिच्या विचारातील तणाव साठविलेला आहे. इंग्रजी नावाचा अर्थ जन्मसिद्ध हक्क असा आहे. उत्पत्तीच्या पुस्तकात एसावने डाळीच्या वाटीसाठी याकोबास विकलेला तो हाच हक्क. मराठी वाचकास हे शब्द लोकमान्य टिळकांच्या स्वराज्याच्या घोषणेमुळे परिचित आहेत. तेथे हक्क परसत्तेने हिरावून घेतला होता आणि हक्कदारास तो परत मिळवावयाचा होता. येथे हक्क कोणी हिरावलेला नाही; हक्कदारच तो विसरत चालला आहे, ही चिंता आहे. संस्थेचे हिब्रू नाव ‘तागलित’ असे आहे, आणि त्याचा अर्थ शोध असा होतो. जे जन्मतःच आपले आहे त्याचा शोध घ्यावा लागत नाही. आणि ज्याचा शोध घ्यावा लागतो ते सापडेलच असे नाही. एका नावाने तरुणास तू वारस आहेस असे सांगितले जाते, तर दुसऱ्या नावाने तू वारस होशील काय असे विचारले जाते.

पात्रतेच्या नियमांतही हाच तणाव आढळतो. मूळ नियमानुसार वय १८ ते २६ असावे लागे. २०१७ साली ही मर्यादा ३२ पर्यंत वाढविण्यात आली, आणि नंतर ती पुन्हा खाली आणली गेली. आई किंवा वडील यांपैकी एक ज्यू असणे, अथवा विधिपूर्वक धर्मांतर केलेले असणे, ही मुख्य अट होती. परंपरागत धर्मशास्त्रानुसार ज्यूपण आईकडून येते. म्हणजे केवळ वडील ज्यू असलेल्या ज्या तरुणास रब्बींचे न्यायपीठ ज्यू मानणार नाही, त्यास ही यात्रा वारस म्हणून आमंत्रण देते. आंतरधर्मीय विवाहाच्या भयातून जन्मलेल्या योजनेने आंतरधर्मीय विवाहांच्या अपत्यांसाठीच दार मोकळे ठेवावे, यात विसंगती आहे. परंतु तीत व्यवहारज्ञानही आहे. ज्यांच्या दुरावण्याची भीती आहे त्यांनाच वगळले तर योजनेस अर्थ उरत नाही.

५. दहा दिवसांची घडण

यात्रेचा काळ दहा दिवसांचा. विमानभाडे, निवास व प्रवास विनामूल्य. परत मिळणारी एक अनामत रक्कम तेवढी भरावी लागे. सुमारे चाळीस तरुणांचा एक गट, एक बस, एक मार्गदर्शक आणि एक सशस्त्र रक्षक, अशी सर्वसाधारण रचना. पूर्वीच्या दीर्घ मुदतीच्या कार्यक्रमांशी तुलना करता हा बदल मूलगामी आहे. १९५६ च्या कार्यक्रमास तरुणाने इस्रायलमध्ये राहावे असे वाटे. १९९९ च्या कार्यक्रमास त्याने परत जावे आणि आपल्या घरी ज्यू म्हणून राहावे असे वाटते. यात्रेचे अंतिम स्थान जेरुसलेम नसून न्यूयॉर्क, टोरांटो अथवा ब्यूनोस आयरेस हे आहे.

मार्गावरील स्थळांची निवड पाहिली असता मागील सर्व पिढ्यांचे थर त्यात एकावर एक बसलेले दिसतात. पश्चिम भिंतीत प्राचीन मंदिराची यात्रा आहे; मसादाच्या पहाटेच्या चढणीत १९४० च्या सुमारासचे पदभ्रमण आहे; याद वाशेम या स्मारकात पोलंडची यात्रा संक्षेपाने आली आहे; हेर्झल टेकडीवरील सैनिकांच्या दफनभूमीत राष्ट्राच्या युद्धांचा इतिहास आहे. यांच्या जोडीस मृत समुद्रातील स्नान, तेल अवीवमधील रात्र आणि बेदुइनांच्या तंबूतील पाहुणचार येतो. हिब्रूत मार्गदर्शकास ‘मोरे देरेख’, म्हणजे वाटेचा गुरू, असे म्हणतात, आणि येथे त्याचे काम खरोखरच गुरूचे असते. अवशेष मुके असतात. त्यांस बोलते करणारा तोच. शॉल केल्नर यांनी २०१० साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात मार्गदर्शकाच्या कथनाबरोबरच बसमधील थट्टामस्करी, खरेदी, थकवा आणि गटातील मैत्री यांचाही विचार केला आहे. तरुणावर परिणाम होतो तो केवळ व्याख्यानाने नव्हे, तर आपल्यासारख्याच चाळीस जणांत दहा दिवस राहिल्याने.

या संदर्भात ‘मिफगाश’, म्हणजे भेट, या प्रथेचा निर्देश आवश्यक आहे. समवयस्क इस्रायली तरुण, बहुधा सैन्यात सेवा करणारे, काही दिवस गटाबरोबर बसमध्ये राहतात. याचा परिणाम दोन्ही बाजूंनी होतो. परदेशी तरुणास राष्ट्राचा चेहरा दिसतो. आणि इस्रायली सैनिकास, ज्याने ज्यू असण्याचा वेगळा विचार करण्याचे कारणच पूर्वी नव्हते, आपण ज्यू आहोत म्हणजे काय, हा प्रश्न बहुधा प्रथमच पडतो.

६. फलश्रुती आणि आक्षेप

अशा उपक्रमाची फलश्रुती मोजणे कठीण असते, कारण जो जातो त्यास मुळातच अधिक ओढ असण्याचा संभव असतो. ब्रँडाइस विद्यापीठातील लेनर्ड सॅक्स व त्यांचे सहकारी यांनी यावर एक मार्ग काढला. जागांपेक्षा अर्ज अधिक येत असल्यामुळे अर्ज करूनही न जाऊ शकलेल्या तरुणांचा मोठा वर्ग उपलब्ध होता. गेलेले आणि न जाऊ शकलेले यांची वर्षानुवर्षे तुलना केली असता, गेलेल्यांमध्ये इस्रायलविषयी आपुलकी आणि ज्यू जोडीदाराशी विवाह करण्याचे प्रमाण ही दोन्ही लक्षणीयरीत्या अधिक आढळली. व्याप्त प्रदेशातील वसाहतींसारख्या वादग्रस्त राजकीय प्रश्नांवरील मतांत मात्र यात्रेने फारसा फरक पडल्याचे दिसले नाही. दहा दिवसांनी आपुलकी जन्मास येते, परंतु मत सहजासहजी बदलत नाही, हा निष्कर्ष समर्थक व टीकाकार या दोघांनीही विचारात घेण्याजोगा आहे.

तथापि समग्र समाजाचा प्रवाह या यात्रेने पालटला असे म्हणता येत नाही. प्यू संस्थेच्या २०२० च्या पाहणीनुसार २०१० नंतर विवाह केलेल्या अमेरिकन ज्यूंपैकी ६१ टक्क्यांचा जोडीदार ज्यू नव्हता. जे गेले त्यांच्यात फरक पडला. परंतु समाजाचे भवितव्य केवळ जाणाऱ्यांच्या हाती नसते.

याहून गंभीर आक्षेप नैतिक स्वरूपाचा आहे. ज्या भूमीत कधी पाऊल न ठेवलेला तरुण जन्मसिद्ध हक्काने पाहुणा म्हणून येतो, त्याच भूमीतून १९४८ साली सुमारे सात लाख पॅलेस्टिनी अरब विस्थापित झाले, आणि त्यांच्या वंशजांस तेथे परतण्याचा हक्क मिळालेला नाही. मार्गावरील कोणत्या गावांची नावे सांगितली जातात आणि कोणत्या गावांची गाळली जातात, हा प्रश्न म्हणूनच केवळ वेळापत्रकाचा राहत नाही. २०१८ च्या उन्हाळ्यात काही अमेरिकन ज्यू तरुणांनी व्याप्त प्रदेशातील जीवन दाखविले जात नाही या कारणास्तव यात्रा अर्ध्यावर सोडली. त्यांच्या कृतीचा निषेध करणाऱ्यांनी यजमानाच्या औदार्याचा अपमान झाला असे म्हटले. समर्थन करणाऱ्यांनी प्रश्न विचारणे हाच ज्यू परंपरेचा वारसा आहे असे उत्तर दिले. इतिहासकारास येथे एवढे नोंदविणे प्राप्त आहे की बसमधून उतरून गेलेल्या तरुणांनीही आपला वारसा नाकारला नव्हता. तो कोणता, याविषयी त्यांनी वाद घातला होता. शोध हे नाव त्यांनी हक्क या नावापेक्षा अधिक गंभीरपणे घेतले होते, असे म्हणावयास हरकत नाही.

७ ऑक्टोबर २०२३ च्या हल्ल्यानंतर आणि त्यामागून गाझात सुरू झालेल्या युद्धानंतर या यात्रा काही काळ बंद पडल्या, आणि मग स्वयंसेवेच्या कार्यक्रमांची त्यांस जोड मिळाली. १९६७ प्रमाणे तरुण पुन्हा शेतांत फळे खुडू लागले. जून २०२५ मध्ये इराणशी युद्ध सुरू होऊन आकाशमार्ग बंद झाला, तेव्हा सुमारे १,५०० तरुणांस जहाजाने सायप्रसला पोहोचवावे लागले. पूर्वजांच्या भूमीत सुरक्षितपणे नेऊन आणणे हे ज्या योजनेचे आश्वासन होते, तिला आपले वारस समुद्रमार्गे बाहेर काढावे लागावे, हा प्रसंग या इतिहासात दीर्घकाळ स्मरणात राहील.

७. नवगावचा प्रश्न

या विषयाचा महाराष्ट्राशी असलेला संबंध वारसाच्या व्याख्येपाशी येतो. कोकणातील बेने इस्रायल समाजाच्या परंपरेनुसार त्यांच्या पूर्वजांचे जहाज अलिबागजवळ नवगाव येथे फुटले, आणि वाचलेल्या सात जोडप्यांपासून समाजाचा विस्तार झाला. तेलाचे घाणे चालविणारे आणि शनिवारी काम न करणारे हे लोक शेजाऱ्यांत शनिवार तेली म्हणून ओळखले जात. ज्यूपणाची खूण येथे सण, सुंता, शब्बाथ आणि घरातील रीत यांतून शतकानुशतके चालत आली. ती टिकविण्यासाठी कोणास दूरदेशी यात्रेस पाठवावे लागले नाही.

१९४८ नंतर या समाजातील पुष्कळ कुटुंबे इस्रायलमध्ये गेली. ती सहलीस गेली नव्हती. जन्मसिद्ध हक्काच्या विश्वासाने कायमची गेली होती. परंतु १९६२ साली तेथील प्रमुख रब्बींच्या मंडळाने बेने इस्रायलांच्या विवाहाच्या वेळी त्यांच्या पूर्वजांची चौकशी करण्याचा आदेश काढला. ज्यांनी परक्या मुलखात राहूनही आपला धर्म सोडला नाही, त्यांच्याकडेच वंशाचा पुरावा मागितला गेला. याविरुद्ध जेरुसलेममध्ये सत्याग्रही निदर्शने झाली, आणि १९६४ साली इस्रायली संसदेने बेने इस्रायल हे सर्व दृष्टींनी ज्यू आहेत असे जाहीर केल्यावर आदेशात बदल करण्यात आला. केवळ वडील ज्यू असलेल्या अमेरिकन तरुणास १९९९ मध्ये जे आमंत्रण आपण होऊन मिळाले, ते मान्य करून घेण्यासाठी कोकणातून गेलेल्यांस चळवळ करावी लागली होती. वारस कोण, हे वारशावरून ठरत नसून कोणत्या काळी कोणाची गरज वाटते यावरून ठरते, याचे याहून बोलके उदाहरण मिळणे कठीण.

इस्रायलमध्ये स्थायिक झालेल्या बेने इस्रायलांनी तेथे ‘मायबोली’ हे मराठी नियतकालिक चालविले. त्यांची तेथे जन्मलेली मुले-नातवंडे आता नवगावचे स्मारक आणि अलिबाग परिसरातील जुनी प्रार्थनामंदिरे पाहण्यास कोकणात येतात. येथे वारसायात्रेची दिशा उलटते. जी भूमी अमेरिकन तरुणास पूर्वजांची म्हणून दाखविली जाते, तेथून निघून हे तरुण आपल्या आजीचे गाव शोधण्यास भरतीओहोटीच्या किनाऱ्यावर येतात. पूर्वजांची भूमी एकच असते हे गृहीतक त्यांच्या प्रवासाने शिथिल होते.

सारांश, ज्यू तरुणांच्या वारसायात्रांचा इतिहास हा एका समाजाने आपल्या पुढील पिढीशी केलेल्या संवादाचा इतिहास आहे. १९४२ मध्ये नाशाच्या भयाने तरुणांस मसादावर नेले, १९६७ मध्ये शेतावर, १९८८ मध्ये छावण्यांच्या फाटकाशी, आणि १९९९ मध्ये पुन्हा सर्व स्थळांवरून फिरवून स्वतःच्या घरी. प्रत्येक वेळी वडीलधाऱ्यांनी मार्ग आखला, आणि प्रत्येक वेळी तरुणांनी त्या मार्गावर काहीतरी न आखलेले पाहिले. वारसा दाखविता येतो, परंतु तो स्वीकारावयाचा की नाही, आणि कोणता भाग स्वीकारावयाचा, हे ज्याचे त्यानेच ठरवावे लागते. जन्मसिद्ध हक्क आणि शोध या दोन नावांतील अंतर कोणतीही बस दहा दिवसांत कापू शकत नाही. ते अंतर कायम राहते, आणि समाज जिवंत राहतो तो बहुधा त्या अंतरातच.